भर दुपारचा हिरवा रुमाल

मुहूर्त हा शब्द कानावर पडला की सुनउल्ला एफेंदींची डावी भुवई उडायची. आणि आमच्या उस्कुदारात तो शब्द त्यांना दिवसातून वीसदा तरी ऐकावा लागे.

रंगाऱ्यांच्या मशिदीच्या अंगणाला लागून त्यांची वेळेची खोली होती. आत तीन घड्याळं, एक पितळी यंत्र, छताला टांगलेला ओळंबा आणि मेंढीच्या कातड्यावर बसलेले ते. नमाजाच्या पाच वेळा काढायच्या, वेळ झाली की खिडकीतून हिरवा रुमाल हलवायचा आणि मिनारच्या सज्जात उभ्या असलेल्या दुराकने तो पाहून अजान द्यायची. असं काम करणाऱ्याला मुवक्कित म्हणतात. काम नेमकं होतं, माणूसही नेमका होता. पण खिडकी पडली रस्त्यावर. येणारा-जाणारा प्रत्येक जण गजांना हात लावून थांबायचा आणि गुरुजींना हाक मारावी तसं होजा म्हणायचा. होजा, नातवाचे केस कधी काढू? होजा, सासुरवाडीला मंगळवारी निघालो तर चालेल का? माझ्या शेजारची झेलिहा आजी तर वांग्यांचं लोणचं घालायलासुद्धा त्यांना ग्रह विचारायची, आणि लोणच्याला बुरशी आली की भांडायलाही तिथेच जायची.

"मी वेळ सांगतो, आजी. ती चांगली की वाईट ते सांगणारी माणसं वेगळी," ते म्हणायचे.

"वेळ तर मला माझं पोटही सांगतं," आजी म्हणायची. "मग तू कशाला आहेस?"

असं नाही की त्यांचा ग्रहांवर विश्वास नव्हता. उलट होता, म्हणूनच ते चिडत. त्यांचं म्हणणं असं, की ताऱ्यांना काही सांगायचं असेल तर ते खऱ्या जागेवरून सांगतील, आपण मांडलेल्या खोट्या जागेवरून नव्हे. आधी तारा कुठे आहे ते नीट पाहा, मग त्याचं म्हणणं ऐका. लोकांना दुसरंच हवं असे, आणि तेही लगेच, रस्त्यात उभ्याउभ्या.

मूळचे ते अमास्याचे. बाप खोगीर शिवणारा. बुर्साच्या मदरशात गणित शिकले, उस्कुदारात नेमणूक मिळाली आणि मशिदीच्या मालकीचं दोन खोल्यांचं घर. मुनिरे तिकडूनच त्यांच्याशी लग्न होऊन इथे आली ती आता आमच्यातलीच झाली आहे. मूलबाळ नाही. घराच्या मागे एक डाळिंबाचं झाड आणि मुनिरेचे लोणच्याचे सात रांजण.

त्यांच्या आयुष्यातला सगळा वैताग सुरू झाला तो एका निखळलेल्या काचेपासून. कुठल्याशा भूकंपात मशिदीच्या वरच्या खिडकीतली मुठीएवढी गोल काच पडली. ती बसवायचं राहून गेलं. एका दुपारी सुनउल्ला एफेंदी नमाजाला उभे होते तेव्हा त्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा त्यांना समोरच्या चटईवर सरकताना दिसला. त्या दिवशी त्यांच्या नमाजाचं काय झालं ते अल्लाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी शिडी आणली, भोकात एक तांब्याची चकती बसवली, चकतीला मसुराएवढं छिद्र. आता कवडसा नेमका पडू लागला. चटईचा कोपरा उचलून ते रोज भर दुपारी खालच्या फरशीवर खूण करू लागले. हिवाळ्यात कवडसा लांब, उन्हाळ्यात भिंतीजवळ. आणि वसंतात, दिवस आणि रात्र सारखे होतात तेव्हा, मधोमध. तिथे त्यांनी आडवी रेघ कोरली आणि रेघेवर तांब्याचे खिळे ठोकले.

नौरोज म्हणजे सूर्य मेष राशीत शिरतो तो क्षण. त्या क्षणाला कवडसा रेघेवर हवा. हे अकरा वसंत चाललं. त्यातले चार ढगांनी खाल्ले. उरलेल्या सातांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, की पंचांगात नौरोजचा जो क्षण लिहिलेला असतो त्याच्या आधी दोन तास सूर्य रेघ ओलांडून गेलेला असतो.

कारण साधं होतं. राजज्योतिषी पंचांग काढतात ते समरकंदच्या जुन्या कोष्टकांवरून. ती बनवणारे लोक मोठे होते, पण त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. वर्षाच्या लांबीत केसाएवढी चूक होती. दोनशे केस एकत्र आले की दोरी होते.

"मग दुरुस्त करतील की," मुनिरे म्हणाली होती, शेंगा सोलता सोलता.

त्यांनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी सुंदर अक्षरात बारा पानं लिहिली, सात वसंतांच्या मापांसकट, आणि पाण्यापलीकडच्या राजवाड्यात राजज्योतिषी लेबीब एफेंदींकडे पाठवली. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा पाठवली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा पाठवल्यावर बोलावणं आलं.

त्या दिवशी मुनिरेने त्यांचा फरचा कोट उन्हात घालून झटकला. होडीतून पलीकडे जाताना ते दुराकला म्हणाले, की आज संध्याकाळपर्यंत दोनशे वर्षांची चूक निघेल. दुराक हा मशिदीचा बांगी आणि झाडूवालाही. त्याचा आवाज इतका मोठा होता की त्याच्या पोटात गुपित मावत नसे, हे तेव्हा त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

लेबीब एफेंदी सत्तरीचे, बारीक, अतिशय सौम्य. त्यांनी कॉफी मागवली, बारा पानं समोर ठेवली आणि म्हणाले, तुमचं गणित बरोबर आहे. सुनउल्ला एफेंदींनी कॉफीचा पेला खाली ठेवला. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मी अठरा वर्षांपूर्वी माझ्या अंगणात खांब रोवून हेच पाहिलं," लेबीब एफेंदी म्हणाले. "तुमचं माप माझ्यापेक्षा बारीक आहे. घुमटाची उंची मिळाली तुम्हाला."

"मग पंचांगात का नाही?"

"पंचांग सूर्यासाठी नसतं, एफेंदी. सूर्याला वाचता येत नाही. ते वाचतात वजीर."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं ते असं. सध्याचे सुलतान चार वर्षांपूर्वी गादीवर बसले ते नौरोजच्या दिवशी, अगदी त्या क्षणाला. सैन्य बिथरलं होतं, दोन वजीर आपापला शहाजादा पुढे करत होते, आणि याच शहाजाद्याच्या बाजूने सांगितलं गेलं की पंचांगाच्या क्षणी पूर्वेला सिंह रास उगवते आहे. सिंह म्हणजे राजांची रास. त्या एका वाक्यावर तलवारी म्यानात गेल्या. आता सुनउल्ला एफेंदींचे दोन तास मागे घेतले की पूर्वेला काय उगवतं?

"कर्क," सुनउल्ला एफेंदी म्हणाले. गणित विचारलं की ते उत्तर देऊन मोकळे होत.

"खेकडा," लेबीब एफेंदी म्हणाले. "आडवा चालणारा. आता मला सांगा, हे मी कुणाला कळवू?"

कोष्टकं बदला आणि जुनं कुणी काढणार नाही, असं सुनउल्ला एफेंदींनी सुचवून पाहिलं. लेबीब एफेंदी हसले. या शहरात जुनंच तेवढं काढतात, म्हणाले. निघताना त्यांनी बारा पानं परत दिली नाहीत. चुलीकडे पाहिलं, मग पेटीत ठेवली. "जाळायला मन होत नाही. अक्षर फार छान आहे."

परतीच्या होडीत सुनउल्ला एफेंदी एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन मात्र इतके बोलले की मुनिरेने खिडक्या लावून घेतल्या. चूक आहे हे माहीत नसलेला माणूस त्यांना चालला असता. चूक आहे हे अठरा वर्षं माहीत असलेला, वर कॉफी पाजणारा माणूस त्यांना सहन होईना.

"एफेंदी," मुनिरे म्हणाली, "दोन तासांनी काय होतं? सूर्याला काही दुखतं का?"

"सूर्याला नाही. मला दुखतं."

नौरोजवर त्यांचा विशेष राग असण्याचं आणखी एक कारण होतं. आपल्याकडे त्या दिवशी लाल चाटण खातात, दालचिनी, लवंग, सुंठ, केशर आणि साखर घोटून केलेलं. राजवाड्यात हकीम करतात, आमच्यासारख्यांच्या घरी आम्हीच. ते नुसतं खाऊन उपयोग नाही. सूर्य मेषेत शिरला त्या क्षणी चमचा तोंडात गेला पाहिजे, तर वर्षभर दुखणं येत नाही. आता तो क्षण मोहल्ल्याला कळणार कसा? म्हणून त्या सुमारास सगळे चमचे भरून मशिदीच्या अंगणात उभे राहतात, बायका जाळीमागे, पुरुष हौदाजवळ, आणि सुनउल्ला एफेंदी खिडकीतून हिरवा रुमाल हलवतात. रुमाल हलला की चमचे आत. म्हणजे चुकीचा क्षण दरवर्षी त्यांच्याच हाताने जाहीर व्हायचा. अकरा वर्षं.

"यंदा नाही," ते म्हणाले. यंदा चार वर्षांनी क्षण पुन्हा त्याच सुमारास आला होता. पंचांगात दुपारनंतर दोन तासांनी, त्यांच्या हिशेबाने थेट भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. इतकी सोपी खूण पुन्हा मिळणार नव्हती. एका बाजूला कवडसा रेघेवर, त्याच श्वासाला रुमाल. कुणालाही दाखवता आलं असतं.

मुनिरेने रांजण मोजले. घर मशिदीचं होतं, नोकरी गेली तर तेही जाणार, आणि हे सात रांजण बैलगाडीत बसणार नाहीत, हे तिने मला जाळीतून सांगितलं.

इकडे दुराकने आपलं काम केलं होतं. न्हाव्याकडे दाढी करताना तो बोलला, एफेंदींच्या घरातून ऐकू आलेल्या सिंह-खेकड्यासकट. आणि न्हाव्याकडून ते गेलं तुरसुन होजाच्या कानावर.

तुरसुन होजा मोठ्या मशिदीत प्रवचन द्यायचे. कॉफी, तंबाखू, कबरींवर चिंध्या बांधणं आणि ज्योतिषी, या चारांवर त्यांचा राग. उद्याचं अल्लाशिवाय कुणाला कळत नाही आणि कळतं म्हणणारा नास्तिक, असं ते दर शुक्रवारी सांगत, आणि ऐकणारे मान डोलावून घरी जाताना सुनउल्ला एफेंदींच्या खिडकीशी थांबून मुहूर्त विचारत. तर हे तुरसुन होजा एका दुपारी तीन शिष्य घेऊन आले. कवडसा पाहिला. खिळे पाहिले. सुनउल्ला एफेंदींना मिठी मारली.

"ज्योतिष्यांचं खोटं तुम्ही दगडावर कोरून ठेवलंत," ते म्हणाले.

सुनउल्ला एफेंदींनी सांगितलं की खोटं नाही, कोष्टक जुनं झालं आहे. तारे आपल्या जागी आहेत, आपण त्यांना चुकीच्या जागी शोधतो. नवं कोष्टक केलं की सगळं बरोबर येईल.

"म्हणजे आतापर्यंतचं सगळं चूक."

"दोन तास."

"सगळं," तुरसुन होजा म्हणाले, आणि शिष्यांनी ते मनात लिहून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी मोठ्या मशिदीत प्रवचन झालं. मी काही गेले नव्हते, पण संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक घरात पोचलं. उस्कुदारातल्या एका धर्मनिष्ठ मुवक्किताने सिद्ध केलं आहे की राजज्योतिषी सूर्य कुठे आहे तेही सांगू शकत नाहीत. आणि शेवटी त्यांनी एक विनोद केला. सिंह समजून माणसं बसतात, उठून बघतात तर खाली खेकडा. लोक हसले. कुठल्या सिंहाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळलं होतं.

सुनउल्ला एफेंदींनी ते ऐकलं तेव्हा ते घड्याळाला तेल घालत होते. तेलाची कुपी त्यांनी खाली ठेवली ती उलटी. त्यांनी तुरसुन होजाला चिठ्ठी पाठवली की माझ्या नावावर असं बोलू नका, मी असं म्हटलेलं नाही. उत्तरात आशीर्वाद आले.

मग खिडकीशी रांग लागली. आता ती वेगळीच होती. होजा, माझ्या मुलाची सुंता पंचांगाच्या मुहूर्तावर केली, ती दोन तास चुकली का? होजा, माझं लग्न लागलं तेव्हा कुठली रास होती, बघा ना, मला केव्हापासून संशय आहे. झेलिहा आजी तर विजयी मुद्रेने आली. "बघ, माझं लोणचं उगाच नासत नव्हतं. दोन तास. मी म्हणतच होते."

"आजी, लोणच्याला मीठ कमी पडलं होतं."

"मीठही पंचांग बघूनच घातलं होतं."

कुणालाच कोष्टक नको होतं. राजवाड्याला जुनं हवं होतं, तुरसुन होजाला कुठलंच नको होतं, आणि मोहल्ल्याला फक्त आपल्या आपल्या जुन्या दुखण्याला एक कारण हवं होतं. एवढ्या माणसांत एकालाही सूर्य नेमका कुठे आहे याची काही पडलेली नाही, असं ते मुनिरेला म्हणाले. तिने त्यांच्या पुढ्यात मसुराचं सूप ठेवलं. गार होतंय, म्हणाली.

नौरोजच्या चार दिवस आधी मशिदीच्या मालमत्तेचे व्यवस्थापक आले, बरोबर कोतवालीचा एक माणूस. कोतवालीचा माणूस मुनिरेच्या डाळिंबाच्या झाडाखाली उभा राहून घराकडे बघत राहिला. व्यवस्थापक अदबीने बोलले. वर्षभराच्या नमाजाच्या वेळा एफेंदींनी ठरवाव्यात, त्यांच्याइतकं नेमकं कुणी नाही. नौरोजचा रुमाल मात्र पंचांगाच्या क्षणी हलेल. न हलल्यास वेळेची खोली आणि घर दुसऱ्याच्या ताब्यात जाईल. आणि प्रवचनातल्या खेकड्याशी एफेंदींचा संबंध नाही, हे त्या दिवशी सर्वांना डोळ्यांनी दिसेल, तेही बरंच.

ते गेल्यावर मुनिरेने विचारलं, "काय करणार?"

"भर दुपारी हलवणार."

"बरं," ती म्हणाली, आणि चाटणासाठी लवंग कुटायला बसली. इतक्या जोरात कुटली की माझ्या घरात ऐकू येत होती.

नौरोजला आकाश धुतल्यासारखं निघालं. एक ढग नाही. सुनउल्ला एफेंदींनी सकाळी चटईचा कोपरा उचलून ठेवला, रेघ पुसली. तुरसुन होजा तीन शिष्यांसह येऊन कवडशाजवळ बसले. सुनउल्ला एफेंदींना ते नको होते, पण मशिदीतून कुणाला उठवणार? दुराकला त्यांनी बजावलं होतं की आज मी भर दुपारी रुमाल हलवणार आहे, तो नौरोजचा. मग थोड्या वेळाने नेहमीचा हलवीन, तो अजानचा. दुराक हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सूर्य थेट डोक्यावर असतो तेवढी काही मिनिटं नमाज पढायचा नसतो, त्या वेळी तो निषिद्ध. सूर्य जरा ढळला की मग दुपारची अजान. त्या काही मिनिटांची राखण करणं हाच मुवक्किताचा खरा कस. अकरा वर्षांत सुनउल्ला एफेंदींचा रुमाल एकदाही आधी हलला नव्हता.

त्यांनी ठरवलं होतं ते असं. मशिदीच्या दारात उभं राहायचं, आत कवडसा दिसेल, बाहेर अंगण. कवडसा रेघेला भिडला की रुमाल हलवायचा आणि मोठ्याने सांगायचं की सूर्य मेषेत शिरला, ज्याला पाहायचंय त्याने आत येऊन पाहावं. वाक्य त्यांनी पाठ केलं होतं. मुनिरेने आपल्या ओढणीखाली चाटणाची वाटी धरली होती. तेवढा एक चमचा तरी त्या क्षणी तोंडात जाईल अशी तिची व्यवस्था होती. अंगणात हात-पाय धुणारी पंचवीसेक माणसं होती, दुपारच्या नमाजाला आलेली.

कवडसा सरकत आला. पहिल्या खिळ्याला लागला. रेघेवर बसला. मीही जाळीतून पाहिलं, खरंच बसला, जणू रेघ त्याच्यासाठीच कोरलेली.

सुनउल्ला एफेंदींनी रुमाल वर केला आणि हलवला.

आणि वरून दुराकने अजान सुरू केली.

त्याची चूक म्हणावी तर अकरा वर्षं त्याने एवढंच केलं होतं. हिरवं हललं की तोंड उघडायचं. आणि दुराकचं तोंड उघडलं की उस्कुदारात दुसरं काही ऐकू येत नाही. सुनउल्ला एफेंदी दारात उभे, हात वर, ओठ हलत होते. मी पाहिलं, ते पाठ केलेलं वाक्य म्हणत होते. पण अजान चालू असताना मधे बोलत नाहीत, आणि बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. अंगणातली माणसं स्तब्ध उभी होती, पुटपुटत अजानला उत्तर देत होती. दोघातिघांनी एफेंदींकडे पाहून नापसंतीने मान हलवली. मुनिरेचा चमचा तोंडाशी जाऊन थांबला होता. अजान चालू असताना खायचं तरी कसं?

अजान संपली तेव्हा कवडसा रेघ ओलांडून गेला होता. आणि सुनउल्ला एफेंदींच्या चेहऱ्यावर दुसरीच भीती आली होती, कारण आता त्यांना कळलं की काय झालंय. अजान वेळेआधी झाली. निषिद्ध मिनिटांत. माणसं रांगा धरायला आत निघाली होती.

त्यांना ते थांबवावं लागलं. नौरोजबद्दल, कोष्टकाबद्दल, सूर्याबद्दल एक शब्द बोलता आला नव्हता, आणि आता सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणावं लागलं, "थांबा. वेळ झालेली नाही. अजान पुन्हा द्यावी लागेल. चूक माझी आहे."

त्यांनी अकरा वर्षांत अंगणात उच्चारलेलं तेवढंच एक वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

दुराक सज्जातून वाकून म्हणाला, "होजा, रुमाल तुम्हीच हलवलात." हेही खरंच होतं.

तुरसुन होजा उठले. ते रागावले नव्हते, दुःखी झाले होते, ते जास्त वाईट. "ज्याला अजानची वेळ राखता येत नाही," ते शिष्यांना म्हणाले, "त्याच्या दोन तासांवर आम्ही विसंबलो." सुनउल्ला एफेंदी त्यांच्यामागे दोन पावलं गेले. खिळ्यांकडे बोट दाखवलं. कवडसा तोवर रेघेपासून वीतभर लांब गेला होता, आता तो कुठलंच काही सिद्ध करत नव्हता.

पुन्हा अजान झाली. नमाज झाला. सुनउल्ला एफेंदी मागच्या रांगेत होते.

मग दोन तासांनी लोक परत आले. वाट्या, चमचे, नवे कपडे, बायका जाळीमागे. अंगण भरलं. व्यवस्थापक हौदाजवळ उभे होते, कोतवालीचा माणूस डाळिंबाखाली. वेळेच्या खोलीत सुनउल्ला एफेंदी खिडकीशी बसले होते आणि रुमाल त्यांच्या मांडीवर होता. तिन्ही घड्याळं पंचांगाच्या क्षणाला आली. गेली. रुमाल हलला नाही.

अंगणात कुजबुज झाली. चमचे अजून तोंडाशी. कुणी म्हणालं दुपारच्या गोंधळाने बिचारे घाबरलेत, आता फार जपून बघत असतील. म्हणजे त्यांच्या नकारालाही लोकांनी खबरदारीच ठरवून टाकलं. मी मुनिरेकडे पाहिलं. ती काही खूण करेल, डोळे दाखवेल असं वाटलं. ती फक्त बघत होती, एकदा खिडकीकडे, एकदा घराकडे.

झेलिहा आजी जाळीमागून निघून थेट खिडकीशी गेली. म्हाताऱ्यांना कोण अडवतं? तिचा चमचा धरलेला हात थरथरत होता, लाल चाटण मनगटावर ओघळलं होतं.

"पोरा," ती म्हणाली, "मला माहीत आहे तो दुपारीच गेला तुझा सूर्य. पण माझा हात दुखतोय."

सुनउल्ला एफेंदींनी तिच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मी सांगू शकणार नाही, मी काही मुवक्कित नाही. मग त्यांनी रुमाल उचलला आणि हलवला. जोरात नाही. माशी हाकलावी तसा.

शंभर चमचे तोंडात गेले. लोक एकमेकांना शुभेच्छा द्यायला लागले. व्यवस्थापकांनी खिडकीपाशी जाऊन सलाम केला.

आठवड्याने पलीकडून लेबीब एफेंदींनी राजवाड्यातल्या चाटणाची झाकणाची वाटी पाठवली, आणि वाटीबरोबर काच बसवणारे दोन कारागीर. एका दानशूर वजिराला कळलं होतं म्हणे, की गरीब मशिदीची खिडकी भूकंपापासून फुटकी आहे. नवी काच निळी होती, फारच सुंदर. वर नवा गालिचाही आला. कारागिरांनी काढलेली तांब्याची चकती सुनउल्ला एफेंदींच्या हातात दिली. त्यांनी ती मुनिरेला दिली. तिच्या सिरक्यातल्या लोणच्याच्या रांजणावर ती बरोबर बसली. मधल्या छिद्रातून वाफ जाते, त्यामुळे आता बुरशी येत नाही. झेलिहा आजीने तसलीच एक मागितली आहे.

घर राहिलं. रांजण राहिले. सुनउल्ला एफेंदी पूर्वीसारखेच वेळा काढतात, रुमाल नेमका हलतो, आणि मुहूर्त विचारणाऱ्याला आता ते काहीतरी सांगूनही टाकतात, बुधवार, म्हणतात, किंवा गुरुवार, मान वर न करता. लोकांच्या मते त्यांचे मुहूर्त फार लागू पडतात. रांग वाढली आहे.

फक्त एक राहिलं. गालिचा जाड आहे, तरी रेघेवरच्या एका खिळ्याचं डोकं थोडं वर आहे. तिसऱ्या रांगेत गुडघे टेकणाऱ्याला ते बरोबर टोचतं. परवा कापडवाल्याने तक्रार केली. दुराक पक्कड घेऊन आला, गालिचा उचलायला वाकला.

"राहू दे तो," सुनउल्ला एफेंदी म्हणाले. "त्याला सांग, गुडघा सरकव."